भेटायला येऊ नका, वार लावा



संक्रांत जवळ आली. आपल्या बडोद्यात या दिवसांत दोन गोष्टी हमखास होतात. अगाशीवर पतंग चढतात आणि घरोघरी तिळगुळाची ये-जा सुरू होते. गेल्या वर्षी या दोन्ही गोष्टींनी मला अगदी रडकुंडीला आणलं होतं. ते का, आणि त्यातून मला काय कळलं, ते आपल्या ग्रुपवर सांगावं म्हणून लिहितोय. मजकूर लांब आहे. एका बैठकीत लिहिलेला नाही. रोज वीस मिनिटं असा आठवडाभर लिहिला. त्याचंही कारण पुढे येईल.

गेल्या वर्षी १२ जानेवारीला संध्याकाळी मी दूध आणायला स्कूटर काढली. कोपऱ्यापर्यंतच तर जायचं, म्हणून हेल्मेट खुंटीवरच राहिलं. मुलाने डिसेंबरातच सांगितलं होतं, "बाबा, हँडलला तारेची कमान लावून घ्या, दोरी आडवी येते." मी म्हटलं, चौऱ्याहत्तर वर्षं या गावात काढली, मला कोण शिकवतो? परतताना गळ्याच्या उंचीवर काहीतरी चमकलं. करकचून ब्रेक दाबला. दोरी चुकली, पण स्कूटर घसरली आणि डोक्याची मागची बाजू दुभाजकाच्या दगडावर आपटली. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच बंदी घातली आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ हेल्मेट घाला म्हणतं. दोन्ही मला ठाऊक होतं. आयुष्यभर लोकांना नियम दाखवत आलेला माणूस मी!

रक्त आलं नाही. मी उठलो, कपडे झटकले, फुटलेली पिशवी टाकून दुसरी घेतली आणि घरी आलो. सौ.ला म्हटलं, "चहा टाक." चहा झाला. पाच मिनिटांनी विचारलं, "चहा नाही केलास?" पुन्हा थोड्या वेळाने तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती काही बोलली नाही. आत जाऊन तिने मुलाला फोन लावला.

मी रक्त पातळ करणारी गोळी घेतो, त्यामुळे डॉक्टरांनी लगेच सीटी स्कॅन करवला आणि एक रात्र ठेवून घेतलं. सीटी स्वच्छ निघाला. मला वाटलं, सुटलो. डॉक्टर म्हणाले, "काका, रक्तस्राव नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण मेंदूला हादरा बसलाय. याला कन्कशन म्हणतात. हे सीटीत दिसत नाही."

नंतर मला जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो. मेंदू कवटीत पाण्यात ठेवल्यासारखा असतो. जोराचा झटका बसला की तो आतल्या आत हलतो. त्यातले बारीक तंतू ताणले जातात, पेशींमधली क्षारांची ये-जा बिघडते आणि ती पूर्ववत करायला मेंदूला नेहमीपेक्षा जास्त शक्ती लागते. नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा थोडा मंदावलेला असतो. म्हणजे खर्च वाढला आणि आवक घटली. इमारत शाबूत, काच फुटलेली नाही, पण आत निम्मे दिवे मिणमिणतायत. बाहेरून फोटो काढला तर इमारत छानच दिसणार. बहुतेक लोक काही आठवड्यांत बरे होतात. काहींना महिने लागतात आणि माझ्या वयात वेळ जास्तच लागू शकतो.

मी घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी उत्तरायण.

तुम्हाला सांगायला नको आपलं उत्तरायण काय असतं. समोरच्या अगाशीवर दोन माणसाएवढे स्पीकर. सकाळी सातपासून पिपाण्या आणि "काय्पो छे!"च्या आरोळ्या. एरवी मी स्वतः फिरकी धरून उभा असतो. त्या दिवशी एकेक आरोळी खिळा ठोकल्यासारखी डोक्यात शिरत होती. खिडकीतून उजेड आला तरी मळमळायचं. उशीत तोंड खुपसून पडलो होतो. त्यात दुसरा दिवस वासी उत्तरायणाचा, म्हणजे सुटका नाहीच.

तो संपतो न संपतो तोच आपली माणसं सुरू झाली. आता मी जे लिहितोय ते कोणाला लागलं तर माफ करा. जे जे आले ते प्रेमाने आले, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस. सौ.च्या भिशीच्या बायका, मंडळाचे सभासद, बँकेतले जुने सहकारी, व्याही, विहीण. एका रविवारी बैठकीत चौदा माणसं होती, मी मोजली. प्रत्येक जण आधी विचारणार, "कसं झालं?" आणि मी पहिल्यापासून सांगणार. मग प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी असाच पडलेला असतो, आणि त्याचं पुढे फार वाईट झालेलं असतं. मग एकजण म्हणणार, "ब्राह्मी घ्या." दुसरा म्हणणार, "बदाम." आणि उठताना सगळ्यांचं एक वाक्य ठरलेलं, "पण दिसता मात्र छान हो!"

ते वाक्य मला सगळ्यात जास्त टोचायचं. आमच्या वडिलांच्या पिढीत दांडिया बाजारात कोणाचं हाड मोडलं की जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रो. माणिकरावांकडे नेत. हाड बसवून, पट्टा बांधून माणूस घरी आला की सगळ्या वाड्याला कळायचं की याला आता पाणी भरायला सांगायचं नाही. पट्टा दिसायचा ना! माझ्या डोक्याला पट्टा नव्हता. पाहुणे गेले की मी दोन दोन दिवस आडवा पडत होतो, हे फक्त सौ.ला दिसत होतं. शेवटी एकदा तिने दारातल्या बाईंना सांगितलं, "आज नको, ते झोपलेत." मी जागा होतो. तिला खोटं बोलावं लागलं याचं वाईट वाटलं, आणि त्याच बाईंनी खाली जाऊन "फार भाव खातात" म्हटलेलं मोलकरणीने येऊन सांगितलं, त्याचंही.

माझ्या मुलाने दुसरं टोक गाठलं. त्याने कुठेतरी वाचलं की संपूर्ण विश्रांती हवी. मग पडदे ओढून, फोन काढून घेऊन त्याने मला नऊ दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवलं. मी आणखीच खचलो. पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, ही जुनी पद्धत झाली. २०२२ साली ॲमस्टरडॅमला खेळाडूंच्या अशाच इजांवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिच्या निवेदनातही हेच आहे की पहिले एक-दोन दिवस जरा सांभाळून राहायचं, तेही अंथरुणाला खिळून नाही, आणि मग झेपेल तसं हळूहळू चालणं-फिरणं वाढवायचं. त्रास थोडासा वाढला तर थांबायचं, निवला की पुन्हा सुरू करायचं. गर्दीही नको आणि कोंडवाडाही नको, असा हा मधला रस्ता आहे. पण तो कोणी एकट्याने चालू शकत नाही. उंबरठ्यापर्यंत हात धरायला कोणीतरी लागतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो, जी लिहायला मला वर्ष लागलं.

चौथ्या आठवड्यात मला जरा बरं वाटायला लागलं. मी मंडळाचा खजिनदार. मार्चच्या आत हिशेब तयार करायचे होते. म्हटलं, करून टाकू. सव्वीस पावत्या आणि एक पानभर खर्च. बी.कॉम. झाल्यावर १९७३ सालापासून हेच तर करत आलो. पहिल्यांदा बेरीज केली, तीनशे दहाचा फरक. दुसऱ्यांदा केली, अठराशेचा फरक. तिसऱ्यांदा आकडे कागदावर हलायला लागले. तासाभराने सौ. आत आली तर मी पावत्यांवर डोकं ठेवून रडत होतो. माझे वडील शेवटची चार वर्षं मला ओळखत नव्हते. मला वाटलं, आपलीही तीच वाट सुरू झाली.

आणि त्याच क्षणी मला तो माणूस आठवला.

१९८८ साली मी बडोदा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. आमच्याकडे एक कॅशियर होता, तिशीतला, पायथ्याच्या एका खेड्यातून लुनावर यायचा. एकदा खड्ड्यात जाऊन पडला, डोकं आपटलं. एक्स-रे काढला, तो स्वच्छ. पंधरा दिवस रजा घेऊन परत आला आणि म्हणाला, "साहेब, काही दिवस काउंटर नको. डोकं फार दुखतं. आवाजात बेरीज चुकते. मला मागे व्हाउचर लावायला बसवा." मी एक्स-रेचा कागद पाहिला. तो हट्टाकट्टा दिसत होता. शाखेत माणसं कमी होती. मी म्हटलं, "नाटक बंद करा आणि काउंटर उघडा." आठ दिवसांत आठशे रुपयांची तूट आली. नियमाप्रमाणे ती कॅशियरने भरायची असते, त्याने भरली. त्याच्या वार्षिक अहवालात मी "कामचुकार वृत्ती" असे दोन शब्द लिहिले. पुढे माझी बदली झाली. तो माणूस मला सदतीस वर्षांत एकदाही आठवला नव्हता.

जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात. मी माझ्या पावत्यांवर रडत होतो, पण मला निदान दार लावून रडायची सोय होती. त्याच्यासमोर काउंटरला रांग होती.

तर मंडळी, माझं सरळ मत असं आहे. न दिसणाऱ्या आजाराशी कसं वागायचं हे आपल्या समाजाला अजून येत नाही. लग्न आणि मरण, दोन्हीला आपण शंभर माणसं उभी करतो. मधल्या दुखण्याला मात्र आपण एक तर गर्दी करतो, नाही तर "काही झालेलं नाही" म्हणतो. मी दोन्ही केलेलं आहे आणि दोन्ही भोगलेलंही आहे.

मग मी सावरलो कसा? दोन गोष्टींनी. दोन्ही आपल्याच घरातल्या आहेत, फक्त आपण विसरलोय.

पहिली गोष्ट. माझ्या नातीने, ती पुण्यात नोकरी करते, मला फोनवर एक माइंडफुलनेसचं ॲप घालून दिलं. त्यातली बाई इंग्रजीत हळू आवाजात सांगायची, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या. मी डोळे मिटले की खोली गरगर फिरायची. फोनच्या उजेडाने कपाळ ठणकायचं. दोन दिवसांत मी ते बंद केलं.

आमच्या शेजारी एक गुजराती बा राहतात. ऐंशीच्या पुढच्या. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. एक दिवस त्या हातात परात घेऊन आल्या, माझ्यासमोर खाली बसल्या, म्हणाल्या, "भाई, बोलवानुं नथी." आणि उंधियूसाठी तुवेरच्या शेंगा सोलायला लागल्या. थोड्या वेळाने माझ्याही पुढ्यात त्यांनी मूठभर शेंगा सारल्या. मी सोलायला लागलो. शेंगेचा खरखरीतपणा, अंगठा दाबला की होणारा बारीक आवाज, दाणा परातीत पडतो तो टप् आवाज. वीस मिनिटं आम्ही एक शब्द बोललो नाही. त्या उठून गेल्या तेव्हा लक्षात आलं की वीस मिनिटं मी वडिलांचा, हिशेबाचा, पुढे काय होईल याचा विचार केलेला नाही. डोकं दुखत होतंच, पण नुसतंच दुखत होतं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "काका, हेच ते. डोळे उघडे ठेवूनही करता येतं." मग त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी रोज सकाळी दोन मिनिटं खुर्चीत बसायचो. तळपाय लादीला टेकलेले, नजर समोरच्या तुळशीच्या कुंडीवर. लादी गार लागतेय, एवढंच लक्षात घ्यायचं. मन भटकलं की रागवायचं नाही, परत आणायचं. दोनाची पाच मिनिटं व्हायला तीन आठवडे लागले. डोकं ठणकायला लागलं की मनात म्हणायचं, "हे दुखणं आहे. मी वेडा होत नाहीये." ही दोन वाक्यं वेगळी करायला शिकलो, हीच माझी सगळी साधना.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली दुखणाईतांसाठी ही पद्धत सुरू केली, तीही बौद्ध ध्यानातूनच घेतलेली. आपल्याकडे इगतपुरीला विपश्यना त्याआधीपासून शिकवतात. आणि बडोद्याच्या माणसाने तर फार लांब जायलाच नको. सुरत काँग्रेस आटोपून अरविंद घोष इथे आले, तेव्हा जानेवारी १९०८ मध्ये विष्णू भास्कर लेले नावाच्या मराठी योग्याने त्यांना सरदार मुजुमदारांच्या वाड्यात तीन दिवस बसवून मन शांत करायला शिकवलं. विचार बाहेरून येताना दिसतात, आत शिरण्याआधी त्यांना परत लावायचं, असं लेल्यांचं सांगणं होतं. मला काही योगी व्हायचं नव्हतं. पण ज्या गावात हे घडलं, तिथे आपण त्याला परदेशी खूळ समजतो, याची गंमत वाटली. आपण तर प्रत्येक लग्नात "सावधान" ऐकतो. त्याचा अर्थ "पळा" असा आपण चेष्टेत घेतो. लक्ष जागेवर ठेवा, एवढाच तो अर्थ आहे.

आता एक इशारा. सजगतेने मेंदू जुळत नाही. तो त्याच्या वेळेने जुळतो. बँकेच्या भाषेत, मुद्दल कमी होत नाही, फक्त भीतीचं दंडव्याज थांबतं. पण ज्यांनी कर्ज फेडलंय त्यांना ठाऊक आहे की कित्येकदा दंडव्याजच माणसाला बुडवतं.

दुसरी गोष्ट म्हणजे वार.

नवीन पिढीला हा शब्द सांगावा लागेल. माझे वडील कोकणातून शिकायला बडोद्यात आले तेव्हा खिशात काही नव्हतं. त्यांनी वार लावून जेवण केलं. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, अशी सात घरं. कोणावर ओझं नाही आणि पोरगं उपाशी नाही. वडील सांगायचे की जेवायला घालणाऱ्या घरातले लोक फार चौकशी करत नसत. पान वाढलेलं असायचं, जेवायचं, पान उचलायचं, निघायचं.

पावत्यांच्या त्या प्रसंगानंतर सौ.ने एक वही घेतली. जवळच्या सहा घरांना तिने स्वतः फोन केले आणि स्पष्ट सांगितलं, "भेटायला येऊ नका. वार लावा." प्रत्येकाला एक वार आणि एक काम. सोमवारी वरच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा दूध-भाजी आणून दाराला लावायचा, बेल न वाजवता. मंगळवारी एक निवृत्त शिक्षक येऊन पेपरातले फक्त मथळे वाचायचे, दहा मिनिटं, घड्याळ लावून. क्रिकेटचा निकाल शेवटी, बक्षीस म्हणून. बुधवारी बँकेतला माझा जुना सोबती मला सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत, कमाटीबागेत चालवून आणायचा. तो आयुष्यभर बडबड्या, पण दोन महिने तोंडात सुपारी धरून चालला. त्याचे उपकार मी विसरणार नाही. गुरुवार बांचा आणि शेंगांचा, मोसम संपल्यावर लसणीचा. शनिवारी मंडळाचा एक तरुण सभासद हिशेबाला बसायचा. बेरीज तो करायचा, मी फक्त पावती आणि खर्चाचं खातं जुळतंय का ते सांगायचो. आधी पाच पावत्या, मग दहा.

आणि शुक्रवार सौ.चा. त्या दिवशी तिची भाची येऊन माझ्याजवळ बसायची आणि सौ. बाहेर जायची. कुठे जायची ते मी विचारलं नाही. एकदा तिनेच सांगितलं, "सुरसागरच्या काठावर नुसती बसून येते." तेव्हा कळलं की दोन महिने ती घरात टाचा उचलून चालत होती, भांडं पडू नये म्हणून श्वास धरून. आजाऱ्याला वार लागतो तसा आजाऱ्याच्या माणसालाही लागतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मला स्वतःहून सुचलंही नव्हतं, याची लाज वाटते.

रविवारी कोणीच नाही.

काही जण म्हणतील, हे सगळं ज्यांची माणसं आहेत त्यांना जमतं. खरं आहे. म्हणूनच हे ग्रुपवर लिहितोय. आपल्यापैकी कित्येकांची मुलं पुण्याला, बेंगळुरूला, अमेरिकेत आहेत. वाडे जाऊन फ्लॅट आले. ओट्यावर बसून कळायचं ते आता कळत नाही. आपल्या मंडळाकडे गणपतीच्या वर्गणीसाठी घरटी नाव, फोन नंबर असलेली यादी आहे. तीच यादी वारासाठी का वापरू नये? पैसा लागत नाही. घरटी आठवड्यातली पंधरा मिनिटं लागतात.

मी डॉक्टर नाही, पण जे शिकलो ते लिहून ठेवतो. डोकं आपटलं आणि नंतर डोकेदुखी वाढतच गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झटका आला, बोलणं अडखळलं, हात किंवा पाय लुळा वाटला, माणूस गुंगीत जायला लागला, तर वार वगैरे काही नाही, तडक हॉस्पिटल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लक्षण नसलं तरी दाखवा. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात रक्त हळूहळू काही आठवड्यांनीही साचू शकतं, तेव्हा महिन्याने चाल किंवा बोलणं बदललेलं दिसलं तरी "वय झालं" म्हणून सोडू नका. आणि पहिलं बरं होण्याआधी दुसऱ्यांदा डोकं आपटू देऊ नका. त्यासाठी बाथरूममध्ये कडी लावा, रात्री दिवा ठेवा, स्कूटर विसरा.

मला पूर्ण बरं वाटायला पाच महिने लागले. आजही वीस मिनिटांपेक्षा जास्त लिहिलं की कपाळ जड होतं, म्हणून हा मजकूर आठवडाभर चालला.

जूनमध्ये मी जुन्या सहकाऱ्यांकडून त्या कॅशियरचा पत्ता मिळवला आणि मुलाला घेऊन गेलो. तो आता सत्तरीकडे झुकलाय. त्याने मला लगेच ओळखलं. मी सगळं सांगितलं, माझं पडणं, पावत्या, ते दोन शब्द. तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला, "साहेब, वर्षभर दुखलं डोकं. मग थांबलं. पैशांचं मी विसरलो. तुम्ही सगळ्यांसमोर नाटक म्हणालात, ते नाही विसरता आलं." मी मान खाली घातली. काय बोलणार?

मी एक पाकीट नेलं होतं. त्यात आठशे रुपये आणि त्यावरचं व्याज होतं, बँकेच्या दराने मोजलेलं. बेरीज मी स्वतः केली होती, तीनदा तपासून. तो घेईना. त्याची बायको आतून आली. तिने पाकीट उघडलं, मोजून आठशे काढले आणि बाकीचे परत माझ्या हातात दिले. "हे घेते," ती म्हणाली. "त्या महिन्यात मी माझी बांगडी ठेवली होती." एवढं बोलून ती चहा करायला गेली.

त्या उरलेल्या पैशांच्या मी वह्या आणल्या आहेत. दोनशे पानी, सौ.ने वापरली तशाच. आपल्या मंडळाच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी कोणी दुखण्यातून उठतंय, पट्टा दिसो न दिसो, त्यांनी एक घेऊन जावी आणि सात वार लिहावेत. नावं कमी पडली तर माझं लिहा. मला बुधवार चालेल. मी बोलणार नाही, शेंगा सोलायला बसेन.

या संक्रांतीला तिळगूळ जरूर द्या. पण कोणाच्या दाराशी चपला फार दिसल्या, तर वाटी दारात ठेवून, बेल न वाजवता परत फिरा. गोड बोलण्याइतकंच, कधीकधी न बोलणंही गोड असतं.

आणि हो, स्कूटरला ती तारेची कमान लावून घ्या. आजच.